‘तीस डॉलरमध्ये सगळी अमेरिका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगली तिखट आहे. खाली दोन ओळींत उरकण्यापेक्षा वेगळंच उत्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर अमेरिकेतल्या मुलाचं किंवा मुलीचं स्थळ आलं की त्या माणसावर कधी फौजदारी खटला झाला होता का, हे काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) कोर्टाच्या नोंदींत कसं शोधायचं, असा तो लेख होता. त्यावर तुमचे आक्षेप तीन. सगळं एका क्लिकवर मिळत असताना मी लोकांना काउंटी-काउंटी हिंडायला लावते, हा पहिला. तुम्ही पुण्यात बसून एका वेबसाइटला तीस डॉलर दिलेत, ‘नॅशनल क्रिमिनल सर्च’ केलात, दहा मिनिटांत ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर आलं आणि तुमच्या दृष्टीने विषय संपला. एवढ्या प्रगत देशात सगळ्यांची मिळून एक यादी नसेल हे तुम्हाला पटत नाही, हा दुसरा. आणि लोकांचं असं उकरून काढायला शिकवणं सभ्यपणाचं नाही, हा तिसरा. तीस डॉलर भरून उकरलं तर ते सभ्य कसं होतं हे मला कळलं नाही, पण ते असो.

यादीपासून सुरुवात करते. देशभराची यादी आहे, ती एफबीआयकडे आहे, आणि ती तुमच्या-माझ्यासाठी नाही. पोलीस आणि कायद्याने परवानगी दिलेल्या संस्था ती बघतात. सामान्य माणसाला फक्त स्वतःचा उतारा मागता येतो, बोटांचे ठसे आणि १८ डॉलर देऊन. त्यामुळे कुठलीही खासगी वेबसाइट ‘आम्ही एफबीआयची माहिती देतो’ असं सुचवत असेल तर तिथून उठावं हे उत्तम.

लोकांना बघता येतं ते कोर्टाचं दप्तर, आणि ते काउंटीत असतं. अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले राज्याच्या कायद्याखाली चालतात, आणि राज्याचं कोर्ट काउंटीच्या गावी बसतं. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) किंवा शहराचे पोलीस पकडतात, काउंटीचा सरकारी वकील आरोप ठेवतो, कोर्टाचा क्लर्क फाइल सांभाळतो. अशा काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, व्हर्जिनियात काही शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. बाल्टिमोर शहर आणि बाल्टिमोर काउंटी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. केंद्र सरकारच्या कायद्याखालचे खटले आणखी वेगळे, त्यांच्यासाठी पेसर नावाची साइट आहे: पानाला १० सेंट, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ.

आता तुमचे तीस डॉलर. अशा साइटकडे असतात त्या नकला: काही काउंट्यांकडून, राज्यांच्या तुरुंग खात्यांकडून, लैंगिक गुन्हेगारांच्या जाहीर याद्यांतून ठोक घेतलेल्या. काही कोर्टं अशी माहिती ठोक देतच नाहीत. जी देतात त्यांची नक्कल कधीची आहे हे तुम्हाला कळत नाही. म्हणजे ‘नोंद आढळली नाही’ याचा अर्थ ‘आमच्या साठ्यात आढळली नाही’ एवढाच. साठ्यात कुठल्या काउंट्या आहेत, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?

कॅलिफोर्नियाचंच बघा. आपली किती मुलं तिथे आहेत ते सांगायला नको. तिथे फौजदारी खटल्याची कागदपत्रं एरवी इंटरनेटवर दाखवायची नाहीत असा कोर्टाचाच नियम आहे, ती कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावर जाऊन बघायची. खटल्यांची सूची ऑनलाइन असू शकते. पण २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या एका प्रकरणात तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की कोर्टाच्या साइटवर जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून माणूस शोधू देता येणार नाही. त्यानंतर इतर काउंट्यांनीही ती सोय काढली. ज्यांचा धंदाच पार्श्वभूमी तपासण्याचा आहे त्या कंपन्यांची तिथे पंचाईत झाली. आणि तुमच्या साइटला दहा मिनिटांत सगळं कळलं!

नोकरीसाठी चौकशी करणाऱ्या कंपन्यांवर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याची बंधनं आहेत. म्हणून त्यांतल्या बऱ्या कंपन्या असा देशव्यापी साठा नुसता सुगावा म्हणून वापरतात, आणि काही सापडलं की त्या काउंटीच्या कोर्टात खातरजमा करतात, वेळप्रसंगी माणूस पाठवून. स्वस्तातल्या ‘माणूस शोधा’ साइटच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही माहिती नोकरीसाठी किंवा भाडेकरू निवडण्यासाठी वापरू नये. ती ओळ वाचून घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्राची संस्था) ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन साइटवर कारवाई केली आणि ५८ लाख डॉलर वसूल केले. एक आरोप असा होता की ‘या व्यक्तीची गुन्हेगारी नोंद आहे’ असं सूचित करून त्या गिऱ्हाईक ओढत होत्या, आणि आत असायचं ट्रॅफिकचं तिकीट.

मी काउंटीचा हट्ट धरते त्याचं खरं कारण मात्र याच्याही पुढचं आहे. नोंद सापडणं हे अर्धं काम. ती वाचावी लागते, आणि वाचायची तर त्या राज्यात, त्या काउंटीत त्या शब्दांचा अर्थ काय ते माहीत हवं.

दारू पिऊन गाडी चालवण्याचं घ्या, कारण मुलीकडचे बहुधा हेच आधी विचारतात. टेक्ससमध्ये पहिल्यांदा पकडला गेला तरी तो फौजदारी गुन्हा, त्यामुळे काउंटीच्या नोंदीत दिसतो. न्यू जर्सीत तीच गोष्ट कायद्याने वाहतुकीचा भंग. ती गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालते आणि काउंटीच्या सुपीरिअर कोर्टातल्या फौजदारी शोधात येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये पहिली खेप गुन्हाच नाही, नुसता दिवाणी दंड, तरी राज्याच्या फुकट साइटवर ती दिसते. एकच बाटली, तीन कपाटं. उलट व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त वेगाने, किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर गाडी नेली तर तो बेपर्वा ड्रायव्हिंगचा गुन्हा, आणि शिक्षेची कमाल मर्यादा बारा महिने तुरुंगवास. फेअरफॅक्स काउंटीत एखाद्या सालस मुलाच्या नावापुढे ‘मिसडिमिनर’ (म्हणजे कमी गंभीर गुन्हा) दिसला तर त्याने कुणाचं डोकं फोडलं असेलच असं नाही. विमानतळ गाठायची घाई असेल.

मग शेवट बघायचा, म्हणजे ‘डिस्पोझिशन’चा रकाना. अटक झाली एवढ्याने काहीच ठरत नाही. शेरीफच्या साइटवरचे तुरुंगातले फोटो बघून स्थळं मोडणारे लोक आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं. ‘डिसमिस्ड’ म्हणजे खटला काढून टाकला. ‘नोली प्रॉसिक्वाय’ म्हणजे सरकारी वकिलाने स्वतःच सोडून दिला. टेक्ससचं ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ फार फसवं आहे: आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा ‘लढत नाही’ म्हणतो, न्यायाधीश दोषी न ठरवता देखरेखीखाली ठेवतात, आणि मुदत नीट पार पडली की खटला निकाली निघतो. कायद्याच्या भाषेत तो दोषी नाही, तरी नोंद राहते, जोवर तो कोर्टाकडून ती झाकण्याचा हुकूम आणत नाही तोवर. याला चांगलं म्हणायचं की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तीस डॉलरच्या अहवालात हा फरक एका लाल चौकोनात गडप होतो.

नावांचा घोळ तर आपल्यासाठी खासच. जोशी, पाटील, कुलकर्णी आणि मधे वडिलांचं नाव, जे कधी लागतं कधी गळतं. वाघ ‘व्ही’ने का ‘डब्ल्यू’ने, लक्ष्मण ‘एक्स’ने का ‘केएस’ने. ज्यांच्या पासपोर्टावर एकच नाव होतं त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं, आणि कोर्टातही तो माणूस त्याच नावाने बसलेला सापडू शकतो. सगळी रूपं टाकून बघावी लागतात आणि मग जन्मतारीख, निदान जन्मसाल, जुळवावं लागतं. नुसत्या नावावर विसंबलं की काय होतं त्याचा दाखला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. सर्जिओ रामिरेझ नावाचे गृहस्थ २०११ मध्ये कॅलिफोर्नियात गाडी घ्यायला गेले. ट्रान्सयुनियन या लोकांची पत तपासणाऱ्या कंपनीच्या अहवालात त्यांचं नाव सरकारच्या दहशतवाद्यांच्या आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या यादीतल्या नावाशी जुळतं असं आलं, आणि विक्रेत्याने त्यांना गाडी विकायला नकार दिला. कंपनीने फक्त नाव-आडनाव ताडून पाहिलं होतं. निकाल २०२१ चा आहे, आणि त्या दाव्यात त्यांच्यासारखेच ८,१८५ जण होते. जे रामिरेझचं झालं ते पाटलाचं व्हायला काय वेळ लागतो?

काउंटीतही सगळं सापडतं असं मी लेखात म्हटलेलं नाही, इथेही म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ‘क्लीन स्लेट’ कायदा करून जुन्या किरकोळ नोंदी आपोआप झाकायला सुरुवात केली, आणि मग इतर राज्यंही त्या वाटेने गेली. अल्पवयीनांची प्रकरणं एरवी बंदच असतात. आणि आईबापांना ज्याची सगळ्यात धास्ती असते तो घरातला मार: त्याबद्दलचे संरक्षण-आदेश बहुतेक वेळा ऑनलाइन दिसत नाहीत, कारण त्यातून पीडित स्त्रीची ओळख उघड होईल असं काही इंटरनेटवर टाकायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. न्यू जर्सीत तर ते दप्तरच गोपनीय. न्यू यॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल तिऱ्हाइताला दाखवत नाहीत. तिथे फौजदारी शोधासाठी मात्र राज्याच्या कोर्ट-प्रशासनाचीच सोय आहे, नाव आणि जन्मतारीख दिली की ९५ डॉलरमध्ये बासष्टही काउंट्या. महाग आहे, पण ते कोर्टाचं स्वतःचं उत्तर आहे.

सभ्यपणाबद्दल थोडंच बोलते. कोर्टाचं कामकाज उघड असावं म्हणून ही दप्तरं उघडी आहेत, आणि बघणं बेकायदा नाही. पण तुम्हाला जी गैरसोय वाटते तिच्यातच थोडा आडोसाही आहे, असं मला वाटतं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकार-संघटनेच्या प्रकरणात हाच भेद केला होता: कोर्टाकोर्टांत विखुरलेली कागदपत्रं वेगळी आणि त्यांचं एका जागी केलेलं संकलन वेगळं, आणि दुसऱ्यात माणसाच्या खासगीपणाला धक्का बसतो. ज्याला खरंच गरज आहे तो चार काउंट्या तपासेल. ज्याला नुसती खाज आहे तो दुसऱ्या काउंटीला कंटाळेल. आणि सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मुलालाच विचारणं. तो एफबीआयचा स्वतःचा उतारा काढून दाखवू शकतो. विचारायला जड जातं हे मान्य, पण त्याच्या पाठीमागे साइटला पैसे देण्यापेक्षा ते हलकं.

जाता जाता, लेख वाचून एडिसनच्या एका घरमालकांनी भाडेकरूसाठी हीच युक्ती वापरू का असं विचारलं होतं. सरसकट नाही. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२२ पासून वेगळा कायदा लागू आहे: सशर्त होकार देण्याआधी बहुतेक घरमालकांना गुन्हेगारी इतिहास विचारता येत नाही, आणि नंतरही काय बघायचं त्याला मर्यादा आहेत. आधी तो वाचा.

आता तुमचं स्थळ. तुम्ही लिहिलंय की मुलगा टेक्ससमध्ये रिचर्डसनला शिकला, मग तिथेच शुगरलँडला नोकरी केली, सध्या न्यू जर्सीत एडिसनला आहे. खटला राहत्या पत्त्यावर नाही, जिथे घटना घडली त्या काउंटीत चालतो, एवढं धरून चला. रिचर्डसन गाव डॅलस आणि कॉलिन अशा दोन काउंट्यांत पसरलंय, दोन्ही बघा. डॅलसमध्ये मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे आणि छोटे काउंटी क्लर्ककडे असतात. शुगरलँड फोर्ट बेंडमध्ये येतं, पण शनिवारची रात्र ह्यूस्टनला जाते, म्हणून हॅरिसही घ्या. तिथे छोटे-मोठे दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लर्ककडेच. एडिसन मिडलसेक्समध्ये आहे, पण न्यू जर्सीच्या कोर्टाचा फौजदारी शोध राज्यभराचा आणि फुकट आहे. म्युनिसिपल कोर्टाचा शोध वेगळा, तो विसरू नका. पूर्ण नाव आणि जन्मतारीख पत्रिकेत आहेच तुमच्याकडे. जन्मवेळ कोर्टाला लागत नाही.

काही सापडलं आणि समजलं नाही तर राज्य, काउंटी आणि डिस्पोझिशनच्या रकान्यातला शब्द इथे लिहा, मला येत असेल तर सांगेन. मुलाचं नाव आणि केस नंबर मात्र लिहू नका, मी ती प्रतिक्रिया काढून टाकेन.