एकटी असेल तर कायदेशीर, दोघी असतील तर कुंटणखाना

पोस्ट लांब आहे आणि विषय अनेकांना नकोसा वाटणारा. ज्यांना पुढे सरकायचंय त्यांनी खुशाल सरकावं.

परवा वेश्याव्यवसायावरून एका मैत्रिणीशी वाद झाला. तिचं म्हणणं, "हा धंदा एक तर कायदेशीर असेल, नाहीतर बेकायदेशीर. मधलं काय असतं?" अगं, मधलंच सगळं असतं! कितीतरी देशांत सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हाच नाही. गुन्हा आहे तो त्याभोवतीच्या गोष्टींचा: जागा भाड्याने देणं, दार उघडायला कुणी ठेवणं, जाहिरात करणं, त्या पैशांवर जगणं. काम रस्त्यावरून बंद दारामागे गेलं की या सगळ्या गोष्टी एकदम लागू होतात.

इंग्लंड आणि वेल्समधलं उदाहरण घ्या. एकटी बाई आपल्या फ्लॅटमध्ये हे काम करते, गुन्हा नाही. तिची मैत्रीणही तिथे येऊन तेच करू लागली की तो फ्लॅट कुंटणखाना होतो. मालकीण नको, दलाल नको. दोघी वेगवेगळ्या दिवशी आल्या तरी तो कुंटणखानाच. कुंटणखाना चालवण्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत. भारतातला पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मूळचा १९५६ चा, आणि त्यातल्या कुंटणखान्याच्या व्याख्येतही 'दोन किंवा अधिक' जणींचा परस्पर फायदा येतोच. शिवाय तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार. म्हणजे दलाल, आणि त्याच्याच रांगेत तिची म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा.

आता दोघींनी एकत्र का राहायचं असतं, हे कुणी विचारतच नाही. भाडं वाटून जातं हे आहेच, पण खरं कारण सुरक्षितता. एक आत असते तेव्हा दुसरी बाहेरच्या खोलीत असते. कोण आला, कोणत्या गाडीने आला, किती वेळ झाला, याकडे तिचं लक्ष असतं. पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवायला दोघी लागतात. घरात आणखी कुणीतरी आहे हे गिऱ्हाइकाला कळलं की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. कायदा बरोबर याच बाईला घराबाहेर काढतो आणि त्याला संरक्षण म्हणतो.

२०१९ मध्ये आयर्लंडमध्ये एकत्र राहून काम करणाऱ्या दोन तरुणींना कुंटणखाना चालवल्याबद्दल नऊ महिन्यांची कैद झाली. त्यातली एक गरोदर होती. स्वतःचं शरीर विकणाऱ्या बाईला शिक्षा न करणारा म्हणून कौतुक झालेला कायदा तिथे २०१७ मध्येच आला होता. पण त्याच वेळी कुंटणखान्याची शिक्षा वाढवलेली होती, हे कौतुक करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलं असावं.

हा मुद्दा सर्वांत स्पष्ट मांडला तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर २०१३ मध्ये, बेडफर्ड खटल्यात. तिथेही विकणं गुन्हा नव्हतं. पण ठरावीक जागेत बसून काम करणं गुन्हा, ड्रायव्हर किंवा रखवालदार ठेवला तर तो कमाईवर जगणारा म्हणून गुन्हेगार, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकाशी बोलून त्याची पारख करणं हाही गुन्हा. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तिन्ही तरतुदी रद्द केल्या. निकालात व्हँकूव्हरच्या 'ग्रँडमाज हाउस' या आसऱ्याचा उल्लेख येतो. शहरातून बायका बेपत्ता होत होत्या, खुनी मोकळा फिरत असल्याचा संशय होता, आणि नेमका तेव्हाच हा आसरा कुंटणखान्याच्या कलमाखाली बंद पडला. खुनी मोकाट असताना बायकांना सुरक्षित जागेत जाऊ न देणारा कायदा आपला हेतूच विसरलाय, असं न्यायालय म्हणालं. वर्षभरात संसदेने नवा कायदा आणून विकत घेणं गुन्हा केलं, ते वेगळं.

पुस्तकात कायदा काहीही असो, बंद दारामागचं काम पोलिसांना दिसत नाही. रस्त्यावर उभ्या बाईसाठी गाडी थांबवली की झालं. फ्लॅटमध्ये शिरायचं तर बनावट गिऱ्हाईक पाठवा, खुणेच्या नोटा द्या, पंच शोधा. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे घरमालकाला गाठणं. ओस्लो पोलिसांनी २००७ ते २०११ या काळात चालवलेल्या मोहिमेचं नावच मुळी 'बेघर' होतं. भाडेकरू काढा, नाहीतर दलालीचा गुन्हा तुमच्यावर, असं घरमालकांना सांगायचं. मग तो कशाला थांबतोय? अ‍ॅम्नेस्टीच्या २०१६ च्या अहवालात हिंसाचाराची तक्रार केल्यावर डोक्यावरचं छप्पर गमावलेल्या बायकांचे अनुभव आहेत. असं एकदा घडलं की पुढची बाई पोलिसांना फोन करत नाही, आणि कुणाला मारलं तरी चालतं हे हल्लेखोरांनाही कळतं.

मी स्वतः बरीच वर्षं स्वीडनच्या बाजूची होते, हे कबूल करते. १९९९ पासून तिथे विकणारीला शिक्षा नाही, घेणाऱ्याला आहे. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! मग कळलं की तिथेही जागा या कामासाठी वापरली जातेय हे माहीत असून घरमालकाने भाडेकरार मोडला नाही, तर तो अडकतो. आणि पकडलं जाण्याची भीती असलेलं गिऱ्हाईक आपलं खरं नाव, खरा नंबर कशाला देईल? घरातून काम करणारीचं पहिलं कुलूप हेच असतं, आधी चौकशी, मग दार. २०१८ मध्ये अमेरिकेने जाहिरातींच्या वेबसाइटना जबाबदार धरणारा कायदा केला, त्यानेही आधी चौकशीचं हे कुलूप काढून टाकलं.

बातम्यांमधला एक शब्द मला फार खुपतो: सुटका. 'छापा टाकून चार महिलांची सुटका.' पुढच्याच ओळीत त्यांची रवानगी सुधारगृहात झालेली असते. दाराला बाहेरून कुलूप, मुदत दंडाधिकारी ठरवणार, एक ते तीन वर्षं. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान तरुणींना सोडलं, तेव्हा न्यायालयाकडून त्यांची जी झाली तिला मी सुटका म्हणेन. जबरदस्तीने आणलेली बाई किंवा अल्पवयीन मुलगी आत असेल तर छापा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार आहे ती दारात सगळ्यांना एकाच दोरीत बांधण्याबद्दल.

१९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात त्याने नेमलेल्या समितीची हीच शिफारस नोंदवलेली आहे, की स्वेच्छेने काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक, दंड किंवा छळ होऊ नये, कारण बेकायदेशीर आहे ते कुंटणखाना चालवणं. आनंद झाला. पण दोघी मैत्रिणी एकत्र राहत असतील तर त्यातली 'चालवणारी' कोण, हा प्रश्न पुन्हा छाप्याला आलेल्या अधिकाऱ्याच्याच हातात राहिला.

उलट बाजूचा अनुभव एका अपघाताने मिळाला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये १९८० साली कायदा बदलताना शब्द असे पडले की रस्त्यावरचं काम तेवढं गुन्हा राहिलं. आतल्या कामाबद्दलची ही फट २००३ मध्ये पोलिसांचे खटले कोर्टात टिकेनात तेव्हा खऱ्या अर्थाने उघडी पडली, आणि २००९ मध्ये बुजवली गेली. स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शाह या अर्थतज्ज्ञांनी मधल्या वर्षांचे आकडे तपासले. बलात्काराच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी, बायकांमधला गनोरिया हा गुप्तरोग ४० टक्क्यांहून जास्त कमी. आणि हो, धंदा वाढला, हेही त्याच अभ्यासात आहे. माझ्या बाजूचे लोक हे वाक्य गाळतात. एका छोट्या राज्याच्या सहा वर्षांवरून जगाचा कायदा ठरवावा असं मी म्हणणार नाही, पण घरातलं काम मोकळं केलं की अत्याचार वाढतातच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

न्यूझीलंडने हे अपघाताने नाही, मतदान घेऊन केलं. २००३, ६० विरुद्ध ५९, एक तटस्थ. तिथे चौघींपर्यंत एकत्र काम करू शकतात. कुणी कुणाची मालकीण नसेल तर परवानाही लागत नाही. २०१४ मध्ये एका सेक्स वर्करने लैंगिक छळाबद्दल आपल्या कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध मानवी हक्क न्यायाधिकरणात केलेल्या तक्रारीवर २५,००० डॉलरची भरपाई मिळवली. एखाद्या ऑफिसातल्या बाईने करावी तशीच ही तक्रार. मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिथे सगळं छान आहे का?"

नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला तिथेही हे काम करायला बंदी आहे, सापडली तर देशाबाहेर. कायदा मंजूर करतानाच ही अट घातलेली आहे. तिला कुणी मारलं, पैसे बुडवले, तर पोलिसांना फोन करण्याआधी तिला व्हिसाचा विचार करावा लागतो. मारणाऱ्यालाही ते माहीत असतं.