फुकट चार्जिंगवाली सेकंडहँड गाडी घेतली, त्याची गोष्ट

दोन वर्षं झाली, माझ्याकडे एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आहे आणि तिला फास्ट चार्जिंग फुकट आहे. म्हणजे खरंच फुकट. ठरावीक चार्जरवर जायचं, केबल लावायची, झालं की काढायची आणि निघायचं. बिल शून्य. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा खुलतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "अशीच एखादी मिळाली तर आमच्यासाठी पण बघ ना." इतक्या जणांना फोनवर तेच तेच सांगून झालंय की आता एकदाच लिहून टाकतो. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहिणार नाही. नाव घेतलं की खाली दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आधीच सांगतो, गाडीवर मी खूश आहे. तक्रार आहे ती माझी माझ्यावरच. घरातून निघालो होतो गाडी घ्यायला, आणि घेऊन आलो फुकट चार्जिंग. गाडी त्याच्यासोबत आली.

हे फुकट प्रकरण आलं कुठून ते थोडक्यात. टेस्ला या अमेरिकी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीनं सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली सहा सुपरचार्जर स्टेशनं, म्हणजे स्वतःची फास्ट चार्जिंग स्टेशनं, उघडली. तेव्हा इलेक्ट्रिक गाडी न घेण्याचं लोकांचं एक मोठं कारण, वाटेत चार्ज संपला तर काय? त्यावर टेस्लाचा उतारा असा की चार्जर आम्हीच उभारतो आणि वीजही आम्हीच देतो, तुम्ही फक्त गाडी घ्या. पण धर्मादाय काहीच नव्हतं. मोठ्या बॅटरीच्या मॉडेल एस या त्यांच्या गाडीत ही सोय किमतीतच धरलेली होती आणि सुरुवातीच्या ६० युनिट बॅटरीवाल्या मॉडेलला तिचे वेगळे पैसे मोजावे लागायचे. पुढे गाड्या वाढल्या, चार्जरवर रांगा लागायला लागल्या आणि १५ जानेवारी २०१७ नंतर ऑर्डर केलेल्या गाड्यांसाठी नियम आला: वर्षाला ४०० युनिटं फुकट, त्यावर पैसे. तेवढ्यात साधारण हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर होतात. नंतर ही सवलत कधी परत आली, कधी गेली. बाकीच्या कंपन्यांनीही दुसऱ्यांच्या चार्जरवर वर्ष-दोन वर्षं फुकट चार्जिंगच्या योजना काढल्या.

त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्यानं पहिल्यांदा हे समजून घ्यायचं की "फुकट" हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाचा नाही. कुठे ती सवलत गाडीला चिकटलेली असते, मालक कितीही बदलोत. कुठे ती पहिल्या मालकाला असते आणि गाडी विकली त्या क्षणी संपते. कुठे मुदत असते, कुठे वर्षाची मर्यादा. आणि जाहिरातीत मात्र सगळीकडे दोनच शब्द, फ्री चार्जिंग.

मी बघितलेली पहिली गाडी अशीच. विकणारा म्हणाला, "लाइफटाइम फ्री आहे, सर." मी विचारलं, "कुणाच्या लाइफटाइम? गाडीच्या, माझ्या की आधीच्या मालकाच्या?" तो हसला. मीही हसलो, पण म्हटलं, लेखी द्या. तो फोन घेऊन आत गेला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "ते कसंय सर, गाडी तुमच्या नावावर झाली की मग कंपनीला विचारू." मी तिथूनच परत फिरलो. आधीच्या मालकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवतात त्यावर जाऊ नका. तो स्क्रीनशॉट त्याच्या खात्याचा असतो. गाडीचा चासी नंबर देऊन थेट कंपनीला विचारायचं की मालक बदलल्यावर ही सवलत राहते का, आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं. त्यातही एक मेख आहे. गाडी मधेच खुद्द कंपनीनं परत घेऊन पुन्हा विकली असेल, तर आधी गाडीला चिकटलेली सवलतही तिथेच काढून टाकलेली असू शकते. म्हणून मधल्या मालकांची साखळीसुद्धा विचारायची.

दुसऱ्या गाडीच्या वेळी हे सगळं रीतसर केलं. कंपनीचं उत्तर आलं, सवलत गाडीला आहे, राहील. झालं, माझं डोकं तिथेच बंद पडलं. टायर आतल्या कडेनं पार झिजलेले होते. मला ते दिसले होते. "ठीके, बघू" म्हणून मी पुढे गेलो. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते, त्यात पेडलवर पाय ठेवल्या ठेवल्या सगळी ताकद चाकांवर येते, त्यामुळे टायर लवकर जातात. हे मला वाचून पाठ होतं. दोन महिन्यांत चारही टायर बदलले.

मग एका सकाळी गाडी उघडेचना. ॲपमध्ये शेवटचा आकडा दिसत होता, चार्ज ७१ टक्के. हँडलला हात लावला तर काही नाही, दिवे नाहीत, आवाज नाही. शेजारी म्हणाले, "चार्जिंग संपलं वाटतं." मी त्यांना ७१ चा आकडा दाखवला, तर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की गाडीपेक्षा माझीच काळजी वाटावी. झालं होतं असं की पुढे बसवलेली साधी १२ व्होल्टची बॅटरी गेली होती. दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं. आणि खालच्या त्या भल्यामोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे जे स्विच असतात, तेही तिच्याच विजेवर चालू होतात. ती मेली की खाली कितीही युनिटं भरलेली असोत, उपयोग शून्य. जुनी गाडी घेताना ही बारकी बॅटरी कधी बदलली ते विचारायचं, हे मला तेव्हा कळलं.

आता मोठ्या बॅटरीबद्दल. ज्या गाडीला फास्ट चार्जिंग फुकट, ती आधीच्या मालकानं सगळ्यात जास्त कुठे चार्ज केली असणार? फास्ट चार्जरवरच. म्हणजे ज्या गोष्टीच्या मोहानं आपण गाडी घेतो, तिचाच सगळा भार त्या बॅटरीनं सोसलेला असतो. मी गाडी घेतल्यावर चार दिवसांनी हा विचार डोक्यात आला आणि रात्री झोप लागेना.

मग वाचत बसलो. वाटलं होतं तेवढं वाईट नाही. रिकरंट नावाच्या अमेरिकी कंपनीनं २०२३ मध्ये बारा हजारांहून जास्त टेस्ला गाड्यांची आकडेवारी तपासली. बहुतेक वेळा फास्ट चार्ज होणाऱ्या आणि क्वचितच होणाऱ्या गाड्यांच्या रेंजमध्ये, म्हणजे एका चार्जमध्ये जाणाऱ्या अंतरात, त्यांना म्हणावा असा फरक सापडला नाही. त्याच्याही आधी आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी या अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेनं तिथल्याच फीनिक्स शहराच्या उन्हात निसान लीफ या इलेक्ट्रिक गाड्या पळवून पाहिल्या होत्या, काही साध्या चार्जिंगवर, काही फास्ट चार्जिंगवर. फास्टवाल्यांच्या बॅटरीची क्षमता जरा जास्त घटली, पण घटली दोन्हींची, आणि बॅटरी गार ठेवायला पाण्याची वगैरे सोय नसलेल्या त्या गाडीला उष्णता जास्त बाधली. पण रेंज टिकली म्हणजे सगळं टिकलं असंही नाही. २०१७ मध्ये टेस्लानंच मान्य केलं होतं की खूप वेळा फास्ट चार्जिंग झालं की गाडी तिचा चार्जिंगचा कमाल वेग थोडा कमी करते. म्हणजे चार्जिंग फुकटच, पण आधीपेक्षा जास्त वेळ उभं राहून.

उभं राहण्याचं आता सविस्तर सांगतो, कारण माझी खरी शिकवणी तिथेच झाली.

घेतल्यावर पहिले चार महिने मी घरचा प्लग वापरलाच नाही. असून! फुकट मिळतंय तर घरच्या मीटरवर का टाकायचं? आठवड्यातून एकदा रात्रीचं जेवण झालं की मी चार्जरवर. पोचायचो तेव्हा स्क्रीनवर चार्जिंगचा वेग साधारण ११० किलोवॅट दिसायचा आणि छाती फुगायची. पन्नास टक्क्यांना ७०, ऐंशीला ४०, आणि नव्वदच्या पुढे गेलं की पंधरा, बारा, नऊ. बॅटरी भरत आली की ती वीज सावकाशच घेते. दाबून भरली तर तिचंच नुकसान, म्हणून गाडीच हात आखडता घेते. शेवटचे दहा टक्के भरायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात सुरुवातीचे चाळीस भरून व्हायचे. पण मी शंभरचा हट्ट सोडायचो नाही. फुकट आहे ना!

एकदा मुलगी सोबत होती, मागच्या सीटवर वही घेऊन गृहपाठ करत. ९४ टक्क्यांवर तिनं मान वर केली. "बाबा, आपल्या घरी प्लग नाहीये का?"

"आहे की."

"मग?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कागद घेतला. माझं वर्षाचं चालवणं पंधरा हजार किलोमीटर. एका युनिटला सहा किलोमीटर धरले तर अडीच हजार युनिटं. एका वेळी चाळीस युनिटं भरली तर वर्षाला बासष्ट फेऱ्या. जाणं, येणं, थांबणं मिळून फेरीला तास. म्हणजे बासष्ट तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर वर्षातले जवळजवळ आठ दिवस मी पार्किंगमध्ये बसून आकडे बघणार. शिवाय चार्जर घरापासून आठ किलोमीटरवर, म्हणजे फुकटची वीज आणायला वर्षाला हजार किलोमीटर गाडी हाणायची. बायकोनं कागद बघितला आणि एवढंच म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." वर विचारलं, "फ्रेम करून लावू का?"

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. चार्जिंग लावून मी समोर चहाला गेलो, कुणीतरी ओळखीचं भेटलं, गप्पा लांबल्या. परत आलो तर मोबाइलवर बिल. चार्जिंग फुकट असलं तरी ते संपल्यावर जागा अडवून ठेवली की मिनिटाच्या हिशोबानं दंड पडतो. रांगा लागायला लागल्यावर असे नियम आले, आणि ते बरोबरच आहेत. फुकट चार्जिंगच्या दोन वर्षांत मला आलेलं हे एकमेव बिल, तेही वीज न घेतल्याचं.

आता गाडी रोज रात्री घरीच लागते. दहा सेकंदांचं काम. सकाळी ऐंशी टक्के तयार. फास्ट चार्जर फक्त लांबच्या प्रवासात, आणि तिथे मात्र ह्या सवलतीसारखं सुख नाही. दहा-पंधरा टक्क्यांवर पोचायचं, वीस-पंचवीस मिनिटं पाय मोकळे करायचे, साठ-सत्तर झाले की निघायचं. शंभरची वाट बघायची नाही. वर्षाच्या हिशोबात अशी फुकट युनिटं माझी सहाशेच्या वर जात नाहीत. त्या सहाशे युनिटांसाठी मी गाडीला जास्तीचे पैसे मोजले होते, तेवढ्यात चांगले टायर आले असते.

ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग नाही, प्लग नाही, त्यांचं गणित वेगळं. त्यांना कुठेतरी बाहेरच चार्ज करायचं आहे, मग फुकट असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त चार्जर रोजच्या वाटेवर हवा. दिवसाला तीन-चारशे किलोमीटर पळणाऱ्यांनाही परवडतं. पण गाडी टॅक्सी म्हणून चालवायची असेल तर अटी वाचा. टेस्लानं डिसेंबर २०१७ मध्ये नव्या गाड्यांना धंद्यासाठी सुपरचार्जर वापरायला मनाई केली होती. आणि कुणीही असा, घेण्याआधी एकदा बॅटरी रिकामी घेऊन फास्ट चार्जरवर जाऊन वीस मिनिटं उभे राहा. किती किलोवॅटनं घेते, पंखे किती ओरडतात, मधेच तुटतं का, सगळं तिथे कळतं. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच ठिकाणी आठ वर्षांची असते, त्यातली किती उरली तेही त्याच दिवशी विचारून घ्या.

परवाच एका मित्राच्या मित्राचा मेसेज आला, गाडी विकायची आहे का म्हणून. विकायची नाहीये. पण त्यानं पहिला प्रश्न विचारला तो, "फ्री चार्जिंग चालू आहे ना?" मी लिहिलं, "चालू आहे. टायरचं विचारा." त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.