‘रजिस्टर्ड एजंटचं दुसऱ्या वर्षीचं बिल भरू नका’ : या सल्ल्यात काय काय चुकलंय

फ्रीलान्सर आणि छोट्या निर्यातदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: अमेरिकेत डेलावेअर किंवा वायोमिंग राज्यात एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढा. रजिस्टर्ड एजंट सगळीकडे सक्तीचा आहे, पण तो नुसता कागदोपत्री असतो. पहिलं वर्ष फुकट देणारा एजंट शोधा आणि दुसऱ्या वर्षी बिल आलं की कानाडोळा करा. एजंटच नसेल तर नोटीस बजावणार कोणावर? तोवर त्याचा पत्ता आपलं अमेरिकेतलं ऑफिस म्हणून वापरा. टॅक्सचं तोच बघतो. आणि मालक म्हणून आपलं नाव कुठेच येत नाही.

अशा एलएलसींचे कागद कामाच्या निमित्ताने माझ्यासमोर येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, आणि तीच त्याची अडचण आहे.

आधी एजंट म्हणजे कोण, ते. त्याचं काम एकच: कोर्टाचं समन्स किंवा राज्य सरकारची नोटीस कंपनीच्या वतीने हातात घ्यायची आणि कंपनीच्या माणसाकडे पोचवायची. त्यासाठी त्या राज्यात खराखुरा पत्ता लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही, आणि कामाच्या वेळात तिथे कोणीतरी असावं लागतं. तो भागीदार नसतो, तुमच्या कर्जाला जबाबदार नसतो. ही काही अमेरिकेची लहरही नाही. आपल्या कंपनी कायद्याचं २०१३ सालचं कलम ३८० वाचा: परदेशी कंपनीने भारतात धंद्याची जागा थाटली, तर तिच्या वतीने समन्स-नोटिसा स्वीकारायला भारतात राहणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. परक्या कंपनीवर दावा लावायचा तर दार कुठे ठोठवायचं, हा प्रश्न सगळ्याच कायद्यांना पडतो.

‘सगळीकडे सक्तीचा’ हे सरसकट खरं नाही. न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे कंपन्यांची नोंदणी सांभाळणारा राज्याचा अधिकारी, हाच कायद्याने प्रत्येक एलएलसीचा समन्स घेणारा असतो, वेगळा एजंट नेमणं ऐच्छिक आहे. (त्याऐवजी न्यूयॉर्क दुसरा खर्च गळ्यात मारतं: स्थापनेनंतर १२० दिवसांत दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे जाहिरात.) पेनसिल्व्हेनियात एजंट नव्हे, नोंदणीकृत कार्यालय लागतं. डेलावेअरमध्ये एजंट हवाच, पण ती मोठी कंपनीच असावी असं नाही. तिथे राहणारी व्यक्ती चालते, एवढंच काय, राज्यात जागा असेल तर एलएलसी स्वतःचीच एजंट होऊ शकते. पन्नासाहून जास्त कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना व्यावसायिक एजंटचे जादा नियम लागतात, इतकंच. मात्र कोथरूडमध्ये बसून डेलावेअरची एलएलसी चालवणाऱ्याला याचा काही फायदा नाही. तिथल्या विल्मिंग्टन शहरात दिवसभर दार उघडायला बसेल असा मावसभाऊ सगळ्यांनाच कुठून असणार! पैसे देऊनच एजंट घ्यावा लागतो, आणि बाजारात तो वर्षाला साधारण ५० ते ३०० डॉलरला मिळतो.

आता मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य: बिलाकडे कानाडोळा करा, काही होत नाही.

काय होतं ते क्रमाने बघा. पैसे आले नाहीत की एजंट थोडे दिवस स्मरणपत्रं धाडतो. मग तो आधी तुम्हाला सूचना देतो आणि राज्याकडे राजीनाम्याचा दाखला दाखल करतो. डेलावेअरच्या एलएलसी कायद्याचं कलम १८-१०४ सांगतं की दाखला दाखल झाल्यापासून ३० दिवसांत नवा एजंट नेमला नाही, तर कंपनीचं स्थापना प्रमाणपत्रच रद्द होतं. कंपनी पुन्हा जिवंत करता येते, पण थकलेला कर, दंड आणि पुनरुज्जीवनाची फी भरून. ५० डॉलर वाचवायला गेलेला माणूस कितीला पडतो याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. डेलावेअरमध्ये प्रत्येक एलएलसीला आपल्या एजंटकडे एका हाडामांसाच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन देऊन ठेवावा लागतो, कागद आला की कोणाला कळवायचं म्हणून. स्थापनेच्या दिवशी तिथे जो ईमेल घातलेला असतो तो बऱ्याचदा पॅकेज विकणाऱ्या मध्यस्थाचा असतो, नाहीतर एखादं जुनं जीमेल, ज्याचा पासवर्ड मालकालाच आठवत नाही. एजंटची स्मरणपत्रं तिकडे जाऊन पडतात. मालकाला पत्ता लागतो तो पेमेंट गेटवेने कंपनी चालू स्थितीत असल्याचा दाखला मागितल्यावर, आणि तोवर खात्यातले डॉलर अडकलेले असतात.

‘एजंट नसेल तर नोटीस बजावणार कोणावर?’ हे वाचून एखाद्याला वाटेल, वा, काय युक्ती आहे. कायदा करणाऱ्यांना ती फार आधी सुचली होती. नेहमीच्या मार्गाने समन्स बजावता आलं नाही, तर डेलावेअरमध्ये कलम १८-१०५ प्रमाणे ते सेक्रेटरी ऑफ स्टेटवर बजावता येतं. तो ते रेकॉर्डवरच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवतो. तुम्हाला मिळो न मिळो, बजावणी झाली असं धरलं जातं. फेडरल कोर्टात उत्तर द्यायला समन्स बजावल्यापासून २१ दिवस, डेलावेअरच्या राज्य कोर्टात २०. मुदत टळली की वादी एकतर्फी निकाल मागतो. म्हणजे एजंट काढून टाकल्याने दावा थांबत नाही, तो तुमच्या नकळत पुढे जातो. परवानगीविना वापरलेल्या फोटोवरून किंवा ट्रेडमार्कवरून उठलेली किरकोळ तक्रार, जी दोन ईमेलांत मिटली असती, ती वकिलाच्या फीसकट रकमेचा हुकूमनामा होऊन बसते.

यावर एक तयारीचा प्रतिप्रश्न येतो: अमेरिकेतल्या हुकूमनाम्याने पुण्यातलं घर थोडंच जप्त होतं? त्यात तथ्य आहे. अमेरिका आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालचा परस्पर-मान्यता असलेला प्रदेश नाही, त्यामुळे तिथल्या निकालाची इथे थेट अंमलबजावणी होत नाही, नवा दावा लावावा लागतो. शिवाय गुणदोषांवर न दिलेला निकाल कलम १३ नुसार इथे अंतिम मानला जात नाही. एलएलसीची जबाबदारीही मुळात मर्यादितच. पण एलएलसी काढली कशासाठी? अमेरिकेतलं बँक खातं आणि तिथल्या ग्राहकांचे पैसे यांसाठीच ना? ते पैसे अमेरिकेतच असतात आणि जप्ती तिथेच येते. पुण्यातलं घर सुखरूप राहील, धंदा राहणार नाही.

पत्त्याचं थोडक्यात. विल्मिंग्टनमधल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका बैठ्या इमारतीच्या पत्त्यावर २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीनुसार किमान २,८५,००० कंपन्या नोंदलेल्या होत्या. तिथे एका मोठ्या एजंट कंपनीचं कार्यालय आहे. असे पत्ते बँकांना तोंडपाठ असतात, त्यामुळे ‘धंदा प्रत्यक्ष कुठे चालतो’ या रकान्यात एजंटचा पत्ता टाकला की अर्ज बऱ्याचदा परत येतो. टपाल आणि पार्सल घेणं एजंटच्या करारात सहसा नसतंच. डेबिट कार्ड त्या पत्त्यावर मागवलं, तर ते परत गेलं तरी एजंटला बोल लावता येत नाही. रकान्यात भारतातला खरा पत्ता लिहा. कंपनीची नोंदणी एका ठिकाणी आणि काम दुसरीकडे असणं बेकायदा नाही.

‘टॅक्सचं तोच बघतो’ हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. डेलावेअरच्या एलएलसीला वार्षिक अहवाल नसतो, पण ३०० डॉलरचा कर दर १ जूनपर्यंत भरावा लागतो. चुकला तर २०० डॉलर दंड आणि महिना दीड टक्का व्याज. वायोमिंगला किमान ६० डॉलरचा वार्षिक अहवाल असतो. एजंट फार तर आठवण करतो. खरी गोम वेगळीच आहे. अमेरिकेबाहेरच्या एकाच मालकाची एलएलसी असेल, तर २०१७ च्या करवर्षापासून फॉर्म ५४७२ (मालक आणि कंपनी यांच्यातल्या व्यवहारांची माहिती) आणि त्याला जोडलेला नाममात्र फॉर्म ११२० (कंपनीचं करविवरणपत्र) अमेरिकेच्या करविभागाला द्यावा लागतो, मुदत १५ एप्रिल. अमेरिकेत एक डॉलरचा कर लागू नसला तरी. स्थापनेचा खर्च मालकाने खिशातून भरला, तोही यात दाखवायचा व्यवहार. न भरल्यास दंड २५,००० डॉलर. एजंटच्या करारात या फॉर्मचा उल्लेख शोधून दाखवा.

उलट, एजंट कंपन्या जे हिरिरीने विकतात त्यातलं बरंचसं घ्यायची गरज नसते. ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर-ओळख क्रमांक, अमेरिकेचा करविभाग फुकट देतो. त्याचा अर्ज, फॉर्म एसएस-४, फॅक्सने पाठवता येतो. खऱ्या मालकांची माहिती फिनसेनला (अमेरिकी सरकारची आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा) देण्याच्या नावाखाली २०२४ मध्ये किती पॅकेजं खपली असतील कोण जाणे. मार्च २०२५ मध्ये नियम बदलला आणि अमेरिकेतच स्थापन झालेल्या कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या. तरीही ‘तातडीचं अनुपालन’ म्हणून बिल आलं, तर ते कशाचं आहे हे विचारायला लाजू नका.

राहिला गुप्ततेचा मुद्दा. डेलावेअरच्या स्थापना प्रमाणपत्रात मालकाचं नाव लागत नाही, हे खरं. पण बँकेला पासपोर्ट द्यावाच लागतो, फॉर्म ५४७२ वर मालकाचं नाव असतंच, आणि भारतात राहणाऱ्याला प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफए मध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) हा हिस्सा दाखवावा लागतो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. लहान रकमांना ऑक्टोबर २०२४ पासून सवलत आहे, पण ती दंडातून. माहिती द्यायची जबाबदारी सुटत नाही. भांडवल पाठवणं ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत बसतं: बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणूक कळवण्याचा), आणि मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल. यात अमेरिकेतल्या एजंटचा काडीचा संबंध नाही.

कंपनी नकोच असेल तर एजंटला बुडवणं हा ती बंद करण्याचा मार्ग नाही. चालू वर्षासकट सगळा कर भरायचा, रद्द करण्याचं प्रमाणपत्र राज्याकडे दाखल करायचं, शेवटच्या वर्षाचा फॉर्म ५४७२ द्यायचा आणि त्यानंतर एजंटला सेवा थांबवल्याचं लेखी कळवायचं. पुढचं बिल मग खुशाल नाकारा.