निरंक असल्यास निरंक कळवावे

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपला व्यावसायिक विकास खुंटला आहे आणि आपले मनःस्वास्थ्य बिघडले आहे, अशी कुजबुज आपण तालुक्याच्या स्थानकावर एसटीची वाट पाहताना करता, हे बरे नव्हे. या दोन्ही गोष्टींची चोख व्यवस्था केव्हाच झालेली आहे. तिचा लाभ कसा घ्यावा, एवढेच आपल्याला उमगलेले नाही. सातारा जिल्ह्यात, जावळीच्या खोऱ्यातील एका द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळून मला जे शहाणपण आले, ते आपल्या हितासाठी येथे मांडतो.

प्रथम विकासाचे पाहू. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. हा आकडा ऐकून नवखे शिक्षक दचकतात. जुने दचकत नाहीत, कारण शाळेत मोबाईल नेमका कुठे ठेवला असता रेंज येते, हे त्यांना ठाऊक असते. आमच्याकडे ती जागा कोठीच्या खिडकीत आहे. तेथे प्रशिक्षणाची चित्रफीत सुरू करून द्यावी आणि आपण पोषण आहाराचा तांदूळ मोजायला बसावे. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे हजर असलेल्या ३१ मुलांचे ३ किलो १०० ग्रॅम होतात. तोपर्यंत खिडकीतील तज्ज्ञ अध्ययन निष्पत्तींच्या, म्हणजे मुलांना काय यायला हवे याच्या, तिसऱ्या घटकापर्यंत पोहोचलेले असतात. शेवटच्या प्रश्नावलीची चिंता करू नये. उत्तरसूची आपल्या गटावर प्रशिक्षणाच्या आदल्या रात्रीच येते, आणि शिक्षकांमध्ये सहकार्याची भावना उरली नाही असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर नाही. प्रमाणपत्र मात्र रंगीत छापून, प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून जपावे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचा प्रस्ताव करताना विकासाचा हाच पुरावा फाईलला लागतो; आपण शिकवलेली मुले फाईलला लावता येत नाहीत.

आता स्वास्थ्याकडे वळू. ताणमुक्तीचे ऑनलाइन सत्र नेहमी शाळेच्या वेळेतच ठेवतात, कारण ताण तेथेच असतो आणि उपचार जागेवरच झालेला बरा. मागच्या पावसाळ्यात अशाच एका सत्रात मार्गदर्शकांनी आम्हांला डोळे मिटून दीर्घ श्वास घेण्यास सांगितले. मी मिटले. बाहेर पाऊस कोसळत होता, व्हरांड्यात पहिलीची मुले ओल्या छत्र्यांनी लढाई खेळत होती, माझे सहकारी मतदार यादीच्या कामासाठी तहसीलला गेलेले होते आणि मोबाईल श्वासाच्या लयीत थरथरत होता. एक डोळा उघडून पाहिले, तर संदेश होता : ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या लिंकवरील माहिती आज दुपारी १२ पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ निरंक म्हणजे कळवण्यासारखे काही नाही. वेळ साडेअकराची होती. त्याच सुमारास तिसरीतील एक मुलगी पाटी घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. पाटीवर ४०२ वजा १७८ लिहिलेले होते आणि खाली उत्तर होते ३७६.

अशा प्रसंगी पाटीकडे पाहू नये, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. पाहिलेत, की आपण फसलात. कारण ३७६ हे उत्तर वेंधळेपणाने येत नाही. त्या मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. तिचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो तिने तिन्ही घरांत प्रामाणिकपणे पाळलेला आहे. हे एकदा लक्षात आले, की आपल्याला राहवत नाही. मग कपाटातून काड्यांचे गठ्ठे निघतात, शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक होतात, त्यांतला एक दशक सोडून दहा सुट्या काड्या होतात, मधल्या घरात नऊ दशक कसे उरले यावर ती मुलगी बराच वेळ विचार करते, आणि आपली अर्धी शाळा त्यात जाते. एवढे करून पदरात काय, तर २२४. या कामाचा फोटो अक्षांश-रेखांशांसह चढवण्याची सोय कोठेही नाही.

काही जण अशा वेळी कायद्याचा आधार शोधतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २७ त्यांनी अवश्य वाचावे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येणार नाही, असे त्यात लिहिलेले आहे. रात्री झोपण्यापूर्वी ते सावकाश वाचल्यास मन शांत होते. माझ्या मते ते श्वसनाच्या कोणत्याही व्यायामापेक्षा गुणकारी आहे. मात्र सकाळी केंद्रप्रमुखांपुढे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या आपल्या वरिष्ठांपुढे, वाचू नये. त्या बिचाऱ्यांना हीच माहिती अकरा वाजता वरती पाठवायची असते.

तरीही मन खचले, तर आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र तीन प्रतींत सादर केल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही. सावित्रीबाईंचे नायगावही आपल्याच खंडाळा तालुक्यातले. दर ३ जानेवारीला त्यांच्या प्रतिमेला हार घालून आपण कार्यक्रमाचे फोटो पाठवतोच. वर्गात मुली होत्या का, हे त्या लिंकवर विचारलेले नसते, म्हणून ते आपणही कळवत नाही.

राहता राहिला स्वास्थ्याचा अभिप्राय. ताणमुक्तीच्या सत्रानंतर एक अर्ज येतो आणि तो त्याच दिवशी भरावा लागतो. न भरणाऱ्यांची यादी सायंकाळी गटावर नावानिशी झळकते. ‘गेल्या आठवड्यात आपणांस ताण जाणवला काय?’ असा पहिलाच प्रश्न असतो. येथे ‘होय’ लिहिण्याचा मोह आवरावा. ‘होय’ लिहिताच खाली कारणांचा तक्ता उघडतो, त्यानंतर केलेल्या उपाययोजनांचा, आणि शेवटी मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्यासह पत्र जोडायला सांगतात. प्रभारी मुख्याध्यापक आपणच असल्यामुळे ते पत्रही आपल्यालाच लिहावे लागते. त्या पावसाळी दिवशी मी तेथे ‘निरंक’ असे लिहिले, १२ ला ४ मिनिटे कमी असताना बटण दाबले, हिरवी खूण उमटली, आणि तेव्हा कुठे मान वर केली.

‘‘गुरुजी, बघा की,’’ ती म्हणाली. पाटीवर अजून ३७६ च होते.