मृत्युपत्र रजिस्टर असलं, तरी बहिणीला साइटेशन जातंच

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: ‘वडिलांचं मृत्युपत्र रजिस्टर असेल तर प्रोबेटच्या वेळी बहिणींना कळवायची गरज नाही. पेपरात जाहिरात द्या. एकदा प्रोबेट हातात पडलं की कुणाला काही करता येत नाही.’ भावांच्या सोयीचा असल्यामुळे तो जोरात पुढे ढकलला जातोय. (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला; साइटेशन म्हणजे तो देण्याआधी संबंधितांना जाणारी कोर्टाची नोटीस.)

नोंदणीचं आधी उरकू. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते. ती झाली म्हणून मृत्युपत्र सिद्ध होत नाही, आणि नोटिशीशी तर तिचा संबंधच नाही.

‘जिला काही दिलंच नाही, तिला कशाला सांगायचं?’ हा यामागचा खरा युक्तिवाद. अहो, तिलाच तर सांगायचं असतं! मृत्युपत्र नसतं तर जिला हिस्सा मिळाला असता, तिचंच त्यामुळे नुकसान होतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 283 खाली न्यायाधीश साइटेशन काढतात: मिळकतीत हितसंबंध सांगणाऱ्यांनी प्रोबेट देण्याआधी यावं आणि कामकाज पाहावं. ते कोर्टाच्या इमारतीत आणि कलेक्टर कचेरीत ठळक जागी लावायचं असतं. पत्ता माहीत असलेल्या बहिणीला वगळून पेपराच्या कोपऱ्यात चार ओळी छापल्या, की भागलं असं होत नाही. तिची हरकतच नसेल तर तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडतात आणि बजावणी टळते. एवढा सरळ रस्ता सोडून लपवाछपवी कोण करतं, ते सांगायला नको.

प्रोबेट मिळालं की विषय संपला? कलम 263 नुसार ते रद्द होऊ शकतं. ज्यांना बोलवायला हवं होतं त्यांना न बोलावता मिळवलेलं प्रोबेट, हे त्या कलमाखाली कायद्यानेच दिलेलं उदाहरण आहे.

मात्र ‘नोटीस नाही, म्हणजे प्रोबेट आपोआप रद्द’ असं उलट टोकाचं उत्तर देणारेही चुकतात. साइटेशन न जाणं एरवी रद्द करायला पुरेसं कारण ठरू शकतं, पण तो निरपवाद हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच सांगितलं आणि त्या प्रकरणात प्रोबेट कायम ठेवलं. शिवाय रद्द करून घ्यायच्या अर्जाला 3 वर्षांची मुदत आहे, हे 2017 च्या निकालात स्पष्ट झालं.

म्हणून प्रोबेटची कुणकुण लागताच कलम 284 खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला कळवल्याशिवाय प्रोबेट देऊ नका’ असा अर्ज, टाकावं. हरकत उभी राहिली की प्रकरण दाव्यासारखं चालतं आणि साक्षीदाराला उलटतपासणीला सामोरं जावं लागतं, मृत्युपत्र रजिस्टर असलं तरीही.