ती पुन्हा शिट्टी वाजवायला आली नाही

मागच्या महिन्यात माझ्या मुलाची फुटबॉलची मॅच होती, 12 वर्षांखालच्या गटातली. रेफरी म्हणून आलेली मुलगी फार तर सोळा वर्षांची असेल. टी-शर्ट तिला ढगळ होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या. नाणेफेकीला दोन्ही कॅप्टनशी ती इतकं नीट बोलली की एरवी वळवळणारी पोरं शहाण्यासारखी हात मिळवून आपापल्या जागी गेली. पहिली दहा मिनिटं सगळं छान चाललं होतं. मग गोलपोस्टजवळ आमच्या एका मुलाला धक्का लागला, तिने फाउल दिला नाही, आणि आमच्या बाजूने आवाज सुरू झाले.

"ए रेफ, झोपलीस का?" "नियम येत नाहीत तर येता कशाला?" एक बाबा तर तिच्या प्रत्येक शिट्टीनंतर हळूहळू टाळ्या वाजवायला लागले, तिला ऐकू जातील अशा बेताने. हाफ टाइमला दोन्ही संघ आपापल्या कोचभोवती जमले. ती मात्र मधल्या वर्तुळात एकटीच, आमच्याकडे पाठ करून उभी होती. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दुसऱ्या हाफमध्ये शिट्टीचा आवाजच बदलला. आधी खणखणीत वाजत होती, आता श्वास मध्येच अडकल्यासारखी. प्रत्येक निर्णयाआधी ती क्षणभर आमच्याकडे बघत होती. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी शिवी दिली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या बाबांना "अहो, पुरे करा" असंही म्हटलं नाही. आणि एकदा मीही "ऑफसाइड!" म्हणून जोरात ओरडले. ऑफसाइड म्हणजे पास सुटतो त्या क्षणी तो घेणारा खेळाडू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे, गोलच्या जवळ असणं. पण थ्रो-इनवरून, म्हणजे कडेच्या रेषेवरून हाताने फेकून, थेट मिळालेल्या बॉलवर ऑफसाइड नसतोच. गोल किक आणि कॉर्नरवरही नसतो. हे मला घरी आल्यावर नियम वाचून कळलं. म्हणजे तिचं बरोबर होतं आणि मी चाळीस फुटांवरून एका शाळकरी मुलीला चूक ठरवत होते.

पुढच्या दोन मॅचना रेफरीच आला नाही. एकदा समोरच्या संघाच्या कोचने शिट्टी घेतली, एकदा मॅचच रद्द झाली. चौकशी केल्यावर आयोजक म्हणाले, "ती मुलगी आता येत नाही म्हणाली." कोर्स करून, परीक्षा देऊन आली होती. आमची मॅच ही तिची सहावीच होती.

रेफरी मिळत नाहीत अशी तक्रार आता सगळीकडे ऐकू येते. अमेरिकेतल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितलं होतं की 2018-19 नंतरच्या तीनेक वर्षांत सगळ्या खेळांचे मिळून सुमारे 50,000 पंच काम सोडून गेले. त्यात कोरोनाचाही वाटा होता, मान्य. पण तिथेच 2017 साली 17,000हून जास्त पंचांची पाहणी झाली होती, आणि मैदानावरच्या वर्तनाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाचा, याला त्यांचं सर्वाधिक दिलेलं उत्तर होतं पालक. खेळाडू नाही, कोच नाही. आपण.

मॅच रद्द झाली त्याच्या पुढच्या रविवारी कोच म्हणाले, "ताई, निदान झेंडा तरी धरा." धरला, म्हणजे कडेच्या रेषेवरून रेफरीला मदत करणारी लाइन्समन झाले. ऑफसाइड बघायला शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत राहावं लागतं, तो धावला की आपणही धावायचं. आणि पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटतो ती घडी दुसरीकडेच कुठेतरी, तीस-चाळीस मीटरवर असते. एका नजरेत दोन्ही कसं बघायचं? पहिल्याच हाफमध्ये मी दोनदा नक्की चुकले. 2000 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं होतं की चांगले अनुभवी लाइन्समनसुद्धा रेषेच्या थोडे पुढे-मागे असले तर नजरेच्या कोनामुळे ऑफसाइड चुकीचा देतात. मग कडेला खुर्ची टाकून बसलेल्या आपल्याला कोणता कोन मिळत असेल? मुलांच्या बहुतेक मॅचना तर लाइन्समनही नसतात. एकच रेफरी, तोच सगळीकडे धावणार, तोच सगळं बघणार.

"रेफरीची कातडी जाड हवी" असं मला आमच्यातल्याच एका पालकांनी ऐकवलं. मला हे मुळीच पटत नाही. इंग्लंडमध्ये 14व्या वर्षापासून रेफरी होता येतं, आणि मुलांच्या मॅचना खूप ठिकाणी असेच नवशिके, स्वतःच अल्पवयीन असलेले रेफरी असतात. आपल्या मुलाने मोकळ्या गोलवर बॉल बाहेर मारला की आपण म्हणतो, "असू दे रे, पुढच्या वेळी." त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या मुलीला मात्र पहिल्या महिन्यापासून एकही चूक माफ नाही? ती शिकणार कुठे? मोठ्या स्पर्धांचे रेफरी आभाळातून पडत नाहीत, ते अशाच रविवारच्या मॅचमधून वर जातात.

हे कुठवर जाऊ शकतं तेही सांगते, कारण "जरा आवाज चढला तर काय बिघडलं" हे वाक्य फार ऐकलंय. 2012च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या एका मॅचनंतर लाइन्समनला लाथाबुक्क्यांनी मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. हौसेने झेंडा धरणारा एक बाप होता तो, त्याचा मुलगा त्याच संघात खेळत होता. शिक्षा झालेल्यांमध्ये किशोरवयीन खेळाडू होते, आणि त्यांच्यातल्या एकाचे वडीलही. ते वाचल्यापासून मला आमच्या कडेच्या आरडाओरड्याकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही.

उपाय शोधणं चालू आहे. इंग्लंडमध्ये 2019-20च्या हंगामापासून तळच्या स्तरावर रेफरीशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला काही वेळ मैदानाबाहेर बसवतात, मोठ्यांच्या सामन्यात 10 मिनिटं. 2023मध्ये तिथे काही हौशी रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले. काही भागांत 18 वर्षांखालच्या रेफरीच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी असते, म्हणजे ओरडण्याआधी कळावं की समोर मूल आहे. ही पट्टी मला फार आवडली आणि तितकंच वाईटही वाटलं. तोंडावर दिसत नाही का आपल्याला?

पालकांनी पूर्ण मॅच गप्प बसायचं, असेही प्रयोग झालेत. ते मला तितकेसे रुचत नाहीत. मुलांना आपला आवाज हवा असतो. गोल झाल्यावर माझा मुलगा आधी माझ्याकडे बघतो. ओरडा की, पोरांच्या नावाने ओरडा, समोरच्या गोलकीपरने बॉल अडवला तर त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा. रेफरीशी बोलायचं नाही, बस एवढंच. रेफरी चुकतात, कधीकधी फार चुकतात, आणि एखादा खरंच बेजबाबदार असेल तर कोचने मॅचनंतर आयोजकांकडे लेखी द्यावं. मुलांना दुखापत होईल असा खेळ चालू दिला जात असेल तर जरूर द्यावं. त्यासाठी कडेवरून ओरडायची गरज नाही.

आमच्या ग्रुपवर मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. पालकांनी मैदानाच्या एकाच बाजूला, रेषेपासून तीन-चार पावलं मागे उभं राहायचं. आणि दर मॅचला एका पालकाने फक्त आपल्याच लोकांना आवरायची जबाबदारी घ्यायची. टाळ्या वाजवणाऱ्या बाबांनी परवा मला फोन केला. म्हणाले, "मला वाटलं नव्हतं ती एवढं मनावर घेईल." पुढच्या मॅचला ती जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचा खरंच आदर वाटतो.

त्या मुलीला आयोजकांमार्फत निरोप पाठवलाय. थ्रो-इनच्या वेळी तूच बरोबर होतीस, मी चुकीचं ओरडले, माफ कर, आणि आलीस तर एका बाजूचा झेंडा माझ्याकडे असेल, असं लिहिलंय. अजून उत्तर नाही. मी रेफरीच्या कोर्सला नाव घातलंय, पण तो सुरू व्हायला वेळ आहे. पुढच्या तीन मॅचना झेंडा मी धरणार आहे. शिट्टीसाठी अजून कुणीच मिळालेलं नाही.