रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्या माणसाला पुढे कुठे जाता येतं?

मी सोलापुरात कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. मोहोळजवळ हायवेला गाडी उलटली की पेशंटसोबत आलेला पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेत वाटेतच उपचार करणारा प्रशिक्षित माणूस, अर्ध्या मिनिटात सगळं सांगतो. शुद्ध कधी गेली, बीपी काय होतं, सलाईन किती गेलं, मान कशी धरून आणली. आमचे डॉक्टर त्यावरच पुढचं ठरवतात.

हाच माणूस दहा वर्षांनी कुठे दिसतो? त्याच सीटवर. नाहीतर कंटाळून दुसऱ्या कामाला लागलेला. अनुभव वाढतो, हुद्दा वाढत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

काही जण म्हणतात, आपल्याकडे २०१४ पासून १०८ च्या गाडीत डॉक्टर असतातच, मग यांचं एवढं काय? डॉक्टर हवेतच. पण त्यातले बरेच जण काही काळ काम करून स्वतःचा दवाखाना टाकतात. रस्त्यावरच्या इमर्जन्सीलाच आयुष्यभराचं काम मानणारी माणसं वेगळी तयार करावी लागतात. ब्रिटनमध्ये पॅरामेडिकच्या कामाचे चार खांब मानतात: रुग्णसेवा, नेतृत्व, शिक्षण, संशोधन. तिथे अनुभवी पॅरामेडिक कन्सल्टंट पदापर्यंत जातो. आपल्याकडेही २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचं नाव आलं. नोंदणी आली, किमान २००० तासांचं शिक्षण आलं. आता वरच्या जागा तयार करायला हव्यात.

आषाढीचंच बघा. चंद्रभागेच्या वाळवंटातून स्ट्रेचर कुठून बाहेर निघतं, कुठली गल्ली किती वाजता बंद होते, हे गेल्या वारीत तिथे राबलेल्यालाच माहीत. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचंही तेच. मग गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची का नसावी? ज्येष्ठ पॅरामेडिकला नव्यांचं ट्रेनिंग आणि बंदोबस्ताची आखणी द्या, आणि त्याचा वेगळा पगारही द्या.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. पेशंट आमच्या ताब्यात दिला की गाडी पुढच्या कॉलला निघते. तो वाचला का, वाटेत दिलेले उपचार बरोबर होते का, हे आणणाऱ्याला कुणी सांगतच नाही. मग तो शिकणार कसा? महिन्यातून एकदा कॅज्युअल्टीतले डॉक्टर, आम्ही सिस्टर आणि गाडीवरची मंडळी मिळून चार-पाच केस उलगडून बघूया. त्याला कुठल्या जीआरची गरज नाही, प्रत्येक हॉस्पिटलच्या इनचार्जने मनावर घेतलं तर याच महिन्यात सुरू होईल.